डोळे दिपण्याचा इतिहास

रायपुरातील पंडरी हा भाग कापडबाजाराकरिता सर्वत्र ओळखला जातो. कापड आणि उजेड यांचे नाते जुने आहे. लुगडे घेणारी चोखंदळ बाई ते दुकानाच्या दारापर्यंत नेऊन सूर्यप्रकाशात न्याहाळते. कारण रंगाची खरी पारख दिव्याखाली होत नाही, हे ती पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. या अडचणीवर तोड म्हणून व्यापाऱ्याने दिवसच दुकानात आणण्याचा यत्न केला. छतापासून कपाटापर्यंत पांढरे दिवे लागले. गिऱ्हाईक त्या झगमगाटात घटकाभर बसते, गुमास्ता दिवसभर उभा असतो. आणि ज्याचे डोळे मुळातच कोरडे आहेत, त्याला हाच प्रकाश सुयांसारखा टोचू लागतो.

दिव्याच्या इतिहासात तेज वाढत गेले, तसा ज्योतीचा आकार मात्र तेजाच्या मानाने आवळत गेला. समईची वात मंद. तिच्याकडे टक लावून पाहता येते. 1879 साली एडिसनचा विजेचा दिवा यशस्वी झाला आणि इवल्याशा तारेत प्रखर तेज एकवटले. डोळे दिपतात ते केवळ उजेड पुष्कळ असल्यामुळे नव्हे. भोवतालच्या काळोखात एकच ठिणगी अती तेजस्वी असली म्हणजे दिपतात. म्हणून दिव्याबरोबरच दिव्याचा आडोसा जन्मास आला. कंदिलावरची टोपी, दुधी काच, टेबलावरची हिरवी शेड, ही सारी त्याचीच रूपे होत. 1938 पासून ट्यूबलाइट बाजारात आली. तिने तेज लांब नळीवर पसरले. परंतु आपल्याकडील विजेवर जुन्या चोकची नळी सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. हे लुकलुकणे दिसत नाही, पण जाणवते. 1989 साली इंग्लंडमधील एका कचेरीत अतिशीघ्र गतीने चालणारे चोक बसविले, तेव्हा डोकेदुखी व डोळ्यांचा शीण निम्म्याहून कमी झाल्याचे आढळले.

कोरड्या डोळ्यांचा इतिहास याहून निराळ्या वाटेने आला. सुश्रुताने शुष्काक्षिपाक नावाचा विकार वर्णिला आहे: पापण्या रुक्ष व कठीण होतात, दृष्टी गढूळ होते, डोळे उघडताना यातना होतात. पुढे 1903 साली जर्मन वैद्य शिर्मर यांनी टिपकागदाची पट्टी पापणीत अडकवून अश्रू मोजण्याची साधी युक्ती काढली. 1933 साली स्वीडनच्या श्योग्रेन यांनी डोळ्यांचा व तोंडाचा कोरडेपणा आणि सांधेदुखी एकाच व्याधीच्या शाखा असल्याचे दाखविले.

या दोन वाटा कोठे मिळतात? बुबुळावरील अश्रूंचा पापुद्रा हीच डोळ्याची पहिली काच. तो गुळगुळीत असेल तर किरण सरळ आत जातात. जागोजाग फाटला तर ते विखुरतात आणि दिव्याभोवती धुके पसरल्यासारखे भासते. शिवाय उघड्या पडलेल्या मज्जातंतूंमुळे प्रकाशच बोचू लागतो. अक्षरांचा तक्ता मात्र असा रोगी बहुधा बिनचूक वाचतो. म्हणूनच त्याच्या तक्रारीला नखरा किंवा कामचुकारपणा समजले जाते, आणि व्याधीच्या जोडीला अपमानही पदरी येतो.

वहीखात्याची जागा संगणकाने घेतली तेव्हा या दुखण्यात भर पडली. जपानी नेत्रवैद्य त्सुबोता यांच्या पाहणीनुसार (1993) स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सरासरी 22 वेळा पापणी लववितो, पुस्तक वाचताना 10 वेळा, तर पडद्यासमोर केवळ 7 वेळा. पुस्तक खाली धरलेले असते, त्यामुळे डोळा अर्धा मिटलेला राहतो. पडदा समोर असल्याने तो सताड उघडा राहतो आणि अश्रू उडून जातात. आपल्या पूर्वजांनी कालगणनेसाठी निमिष हे माप योजिले. पडद्यासमोरच्या मुनिमाचे निमिषच लांबत चालले आहे!

उपाय सांगायला सोपे आहेत. पडदा नजरेच्या किंचित खाली असावा, त्याचे तेज खोलीच्या उजेडाएवढेच ठेवावे, खिडकी पाठीशी वा समोर न येता बाजूस यावी. उघड्या दिव्यास आडोसा द्यावा किंवा त्याचा प्रकाश भिंतीवरून परतवून घ्यावा. रायपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर घेण्याचा मोह टाळावा. घरात काळा चष्मा लावू नये, कारण अंधाराला सरावलेला डोळा उजेडास अधिकच भितो. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांचा गाजावाजा फार झाला. तथापि 2023 साली झालेल्या कॉक्रेन समीक्षेत त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे आढळले नाही. उन्हात टोपी व गडद काच मात्र अवश्य वापरावी; आणि त्रास हटेना तर नेत्रवैद्यास गाठावे.

यांपैकी पुष्कळ गोष्टी कामगाराच्या हाती नसतात. दिवा कोठे टांगावा, हे मालक ठरवितो. पडदा कोठे मांडावा, हेही बहुधा तोच ठरवितो. माणसाने शतकभर उजेड वाढविण्याची विद्या साधली. तो कोणाच्या डोळ्यांवर पडतो हे पाहण्याची विद्या अद्याप साधायची आहे. कापडाचा रंग खुलावा म्हणून जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग ते कापड उलगडणाऱ्याच्या डोळ्यांसाठी झाला, तर दुकानाचे तेज काही कमी होणार नाही.