पिनरचं धुणं आणि बुजवलेलं धुराडं

गेल्या जानेवारीत घरमालकाच्या एजंटचं पत्र आलं. पिनरमधल्या आमच्या भाड्याच्या घरात मागच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे, बुरशीचे काळे ठिपके आले होते. मी फोटो काढून पाठवले होते आणि तुमचा माणूस येऊन बघून जाईल का, असं विचारलं होतं. उत्तरात माणसाचा उल्लेख नव्हता. सल्ला होता: घरात ओले कपडे वाळत घालू नका.

तुम्ही लेस्टरमध्ये असा, डब्लिनमध्ये असा की टोरांटोत, हे वाक्य तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवलं असणारच. जानेवारीत इथे साडेचारला अंधार पडतो. चार माणसांचं धुणं मग न्यायचं कुठे? रागाच्या भरात उत्तर लिहायला बसलो, पण धंद्याने मी इतिहासाचा संशोधक आहे. संशोधकाला राग आला की तो उत्तर लिहीत नाही, जुनी कागदपत्रं उघडतो. शंभर वर्षांपूर्वी या भागातली माणसं आपले कपडे कुठे वाळवत होती, एवढाच माझा प्रश्न होता. (बायकोचं म्हणणं होतं की आधी रेडिएटरवरचे मोजे काढा, मग काय तो इतिहास.)

सुरुवात अनपेक्षित ठिकाणी झाली. इंग्लंडात घर कसं चालवावं हे ज्या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, त्याची लेखिका इझाबेला बीटन ही पिनरचीच रहिवासी. १८५६ साली लग्न झाल्यावर ती इथल्या वुडरिडिंग्ज वसाहतीत राहायला आली. तो भाग आता हॅच एंड म्हणून ओळखला जातो आणि तिचं घर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ पुस्तकरूपात आलं १८६१ मध्ये, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. अठ्ठाविसाव्या वर्षी ती वारलीही. पुस्तकातला बराच मजकूर तिने इकडून तिकडून गोळा केलेला आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण गोळा काय केलं, तेही बघण्यासारखं आहे.

त्यात धुणं धुणाऱ्या मोलकरणीच्या कामांवर एक अख्खा भाग आहे. सोमवारी सकाळी तिने कपडे तपासून वहीत टिपायचे आणि पाच ढीग करायचे: पांढरे, तलम मलमलीचे, रंगीत सुती, लोकरीचे आणि स्वयंपाकघरातली तेलकट फडकी. आपल्या आज्या हेच तोंडी शिकवत होत्या. माझी नजर मात्र दुसऱ्याच ओळीवर अडकली. धुण्याची जागा शक्यतो स्वयंपाकघरापासून पूर्ण वेगळी असावी, एकमजली असावी आणि तिला वाफ बाहेर नेणारं धुराड्यासारखं नळकांडं असावं, असं तिथे सांगितलं आहे. इस्त्री करायला आणि कपडे वाळवायला वेगळी खोली, आणि जमल्यास भट्टीने तापवलेलं वाळवणीचं कपाट. म्हणजे पाणी कपड्यांतून निघून कुठेतरी जाणार, आणि ते जाण्याची सोय घर बांधणाऱ्याने करायची, हे १८६१ साली गृहीत होतं. अर्थात हे नोकर ठेवणाऱ्या मोठ्या घरांपुरतं. गरिबाच्या एका खोलीत तेव्हाही ओले कपडे डोक्यावरच लोंबत असत. म्हणून तर लिव्हरपूलमध्ये १८४२ साली पहिलं सार्वजनिक धुणीघर उघडलं, आणि १८४६ मध्ये अशी घरं बांधायला नगरपालिकांना मुभा देणारा कायदा झाला.

आमचं घर यानंतरचं. मेट्रोपॉलिटन रेल्वे पिनरला पोचली १८८५ साली. १९१५ पासून त्या कंपनीने आपल्या मार्गालगतच्या मुलखाला ‘मेट्रोलँड’ म्हणायला सुरुवात केली, १९१९ मध्ये घरं बांधायला वेगळी कंपनी काढली, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इथल्या शेतांवर सेमी-डिटॅच्ड घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. मंडळ आणि आमच्या खोलीची भिंत साधारण एकाच वयाची आहेत, आणि मंडळाची तब्येत बरी आहे.

या घरांत कपडे वाळवायची एक जागा नव्हती, पाच-सहा होत्या. स्वयंपाकघराला लागून मोरीसारखी जागा असे. त्यात ‘कॉपर’, म्हणजे कपडे उकळायचा मोठा हंडा, आपल्या बंबाचा सावत्र भाऊ. पिळायला हाताने फिरवायचे रूळ. छताला दोरी-कप्पीने वर-खाली होणारी दांडी. मागच्या बागेत तार. वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीभोवती एअरिंग कपबर्ड, त्यात उरलेला ओलावा जाई. चादरी आणि शर्ट तर पुष्कळ घरांतून बाहेरच जात: आठवड्याला लाँड्रीची गाडी दारात येई आणि गठ्ठा घेऊन जाई. प्रत्येक कपड्यावर गिऱ्हाइकाची खूण. (ही खूण आपल्याकडे परीट बिब्ब्याच्या रसाने करत. बिब्ब्याला इंग्रजीत ‘मार्किंग नट’ म्हणतात ते त्यामुळेच.)

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खोल्याखोल्यांत शेकोटी होती. तिच्यापुढे लाकडी घडीचा स्टँड उभा करून कपडे वाळवत, हे खरं. पण शेकोटी विझलेली असतानाही तिचं धुराडं काम करत असे. घरातली ऊबदार, दमट हवा त्यातून दिवसरात्र वर ओढली जाई आणि खिडक्या-दारांच्या फटींतून कोरडी थंड हवा आत येई. माणसं त्या वाऱ्याला शिव्या देत. कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण भिंती कोरड्या ठेवायचं काम तोच वारा करत होता.

पुढे हे एकेक करून गेलं. १९५२ च्या डिसेंबरातल्या धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसं मेली, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, कोळसा मागे हटला. त्यामुळे तारेवरच्या चादरीवर काजळी बसायची थांबली, हे चांगलंच. १९६७ ते १९७७ या काळात देशभरातली गॅसची उपकरणं उत्तर समुद्रातल्या वायूसाठी बदलली गेली, रेडिएटर आले आणि शेकोट्या विटांनी बुजल्या. मग दुहेरी काचांच्या खिडक्या आल्या, फटी गेल्या. लाँड्रीची गाडी यायची बंद झाली, कारण वॉशिंग मशीन घरात आलं. २००५ पासून इंग्लंडात नवा बॉयलर साधारणपणे कंडेन्सिंगच बसवावा लागतो. पुष्कळांनी त्या निमित्ताने कॉम्बी घेतला, गरम पाण्याची टाकी काढून टाकली आणि एअरिंग कपबर्ड थंड पडलं. आमच्याकडच्या कपबर्डमध्ये आता मुंबईच्या प्रवासाच्या बॅगा असतात.

प्रत्येक बदल आपापल्या जागी शहाणपणाचा होता. धुणं मात्र तेवढंच राहिलं, किंबहुना वाढलं.

आता थोडा हिशोब. मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेत दीड-दोन लिटर पाणी शिल्लक असतं. चार मीटर लांब, चार रुंद, अडीच उंच खोलीत चाळीस घनमीटर हवा. २० अंश तापमानाला ती हवा जास्तीत जास्त सातशे ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. उरलेलं जिथे सर्वांत गार पृष्ठभाग सापडेल तिथे बसणार, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर, कपाटामागे. तेव्हा एजंटचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाणी आमच्या कपड्यांचंच होतं. मात्र ते बाहेर जायची वाट आम्ही बुजवलेली नव्हती.

इथे आपली एक चूक सांगितली पाहिजे. गेल्या वर्षी आई-बाबा हिवाळ्यात आले होते. बाहेर भुरभुर पाऊस लागला की आई धावत जाऊन घरभरच्या खिडक्या लावी. “बाहेर एवढी ओल आहे, कपडे कसे वाळतील?” गिरगावात जन्म गेला असल्यावर दुसरं काय सुचणार? चाळीच्या गॅलरीत जुलै महिन्यात वाळत घातलेली विजार तीन दिवसांनी कुबट वासासकट परत येते, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वाळवणीची वेगळीच शास्त्रं चालत. पंख्याखाली दोरी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट आणि दुपटी. सोवळं तर घरात सगळ्यांत उंच, काठीनेच टाकायचं आणि काठीनेच काढायचं, कुणाचा हात लागू नये म्हणून. वारा वरच जास्त लागतो हा त्याचा फायदा, पण ती दांडी उंच बांधली होती ती विटाळाच्या भीतीने, हे विसरायला नको. दुसऱ्यांचे कपडे धुणारा परीट बारा बलुतेदारांतला, आणि त्याने धुतलेलं वस्त्र सोवळ्याला चालत नसे. तेव्हा आपल्या वाळवणीच्या जुन्या शहाणपणाचे गोडवे मी गाणार नाही.

आईचं गणित मुंबईत बरोबर होतं. जुलैत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरा: एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी. ती हवा आत घेऊन काय वाळणार? जानेवारीतल्या लंडनची हवा ५ अंशाला ९० टक्के आर्द्र असली तरी तिच्यात पाणी असतं जेमतेम सहा ग्रॅम. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता उतरते ३५ टक्क्यांवर. म्हणजे पाऊस पडत असतानाही पिनरची बाहेरची हवा आमच्या खोलीतल्या हवेपेक्षा कोरडी होती! मी हे आईला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद नीट वाचला, “असेल,” म्हणाली आणि खिडकी लावली. तिच्या बाजूने एवढं सांगतो की खिडकी उघडी ठेवायची तर बाहेर जाणाऱ्या उबेचे पैसे भरावे लागतात, आणि बिल बघून हात कडीकडे जातो तो फक्त मराठी माणसाचाच नाही.

मग बाहेर तारेवर का नाही? उन्हाळ्यात घालतोच. पण दोन युद्धांमधल्या कितीतरी वसाहतींच्या खरेदीखतांत अटी असत की रस्त्यावरून दिसेल असं धुणं वाळत घालायचं नाही. अमेरिका-कॅनडातल्या वाचकांना हे नवं नाही. ऑन्टॅरिओत अशा बंद्या निष्प्रभ करायला २००८ साली सरकारला पाऊल उचलावं लागलं. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरांतही खिडकीबाहेर कपडे दिसू देत नाहीत, आणि गंमत म्हणजे त्या नियमावर सह्या करणाऱ्यांत चाळीच्या गॅलरीत वाढलेली माझ्या ओळखीची माणसं आहेत.

बाहेर दिसायला नको, आत ओल व्हायला नको. या दोन नियमांच्या मध्ये जो सापडतो त्याच्यावर दोष येतो. तो दोष किती महाग पडतो, याचं इथलं उदाहरण अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचं. २०२० च्या डिसेंबरात तो रॉचडेलमध्ये वारला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीशी दीर्घ काळ संपर्क आल्याने झालेल्या श्वसनाच्या विकाराने तो गेला. आईवडील सुदानहून आलेले. वडिलांनी बुरशीची तक्रार केली तेव्हा त्यांना तिच्यावर रंग मारायला सांगितलं गेलं होतं. त्या कुटुंबाच्या अंघोळीच्या पद्धतीबद्दलही घर देणाऱ्यांनी तर्क लढवले होते, ते पुढे मागे घ्यावे लागले. त्याआधीच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, गृहनिर्माण लोकपालाने दमट घरांवर एक अहवाल काढला होता. त्याच्या शीर्षकाचा अर्थच असा की ही जीवनशैली नव्हे. सामाजिक गृहनिर्माणातल्या घरांना ओल आणि बुरशीबाबत मुदतीत हालचाल करायला लावणारा, अवाबच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ‘जीवनशैली’ हा शब्द तुमच्या पत्रात दिसला तर तो अहवाल आठवा. जीवनशैली म्हणजे भात शिजवणं, अंघोळ करणं, मुलाचा गणवेश सोमवारपर्यंत वाळवणं.

मी शेवटी एजंटला उत्तर लिहिलं. मिसेस बीटनचा उल्लेख केला होता, तो बायकोने खोडला. धुराडं विटांनी बंद आहे, त्याला हवेची जाळी नाही, बाथरूमचा पंखा चालत नाही, एवढं चार ओळींत ठेवलं आणि फोटो जोडले. आमच्या बाजूनेही बदल केला: कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, धुणं आता एकाच खोलीत, दार बंद, ओलावा शोषणारं यंत्र चालू. दोन दिवसांत त्याची टाकी किती भरते ते बघून आईसुद्धा व्हिडिओ कॉलवर गप्प झाली. हे पाणी आधी कुठे जात होतं, असं तिनेच विचारलं. मुलगा धुणं वाळत घालतो याची खंत मात्र तिला अजून आहे. ती शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून का होईना, खोलीचं दार बंद असणं तिला पसंत आहे.

तीन आठवड्यांनी माणूस आला. पंखा बदलला, मग शेकोटीच्या जागी एक वीट काढून जाळी बसवायला घेतली. वीट सुटली तशी आतून भसकन काजळी आली, कैक वर्षांची, सोबत पक्ष्याच्या घरट्याच्या काड्या. स्टँड दोन हातांवर होता. सगळं धुणं पुन्हा धुवायला टाकलं.