दिनविशेष : १ जून

२००९ : पंधराव्या लोकसभेचे पहिले अधिवेशन सुरू झाले आणि अध्यक्षांच्या आसनावर हंगामी अध्यक्ष म्हणून बसले माणिकराव होडल्या गावित. नवापूर तालुक्याचे ते सुपुत्र. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून नंदुरबारमधून सलग नऊदा निवडून आलेला हा आदिवासी नेता सभागृहातल्या ज्येष्ठांपैकी एक. त्यांना पदाची शपथ दिली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी. म्हणजे शपथ देणाऱ्याही खानदेशच्या आणि घेणारेही! सभागृह चालवण्याचा अनुभव प्रतिभाताईंनाही होता; त्यांनी राज्यसभेचे उपसभापतिपद सांभाळलेले.

हंगामी अध्यक्षाचे काम मोजक्या दिवसांचे. एकेका सदस्याचे नाव पुकारले जाते, तो शपथ घेतो, नोंदवहीत सही करतो. मग अध्यक्षांची निवड पार पडली की काम संपले. ३ जूनला मीरा कुमार बिनविरोध निवडून आल्या, पहिल्या महिला अध्यक्ष. गावितांचे पद हंगामी होते; लोकसभेचे पूर्णवेळ अध्यक्षपद लाभलेले मराठी नेते म्हणजे ग. वा. मावळंकर, शिवराज पाटील आणि मनोहर जोशी; मावळंकर निवडून येत ते अहमदाबादमधून. गावित २०१४ मध्ये पराभूत झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.