जुनी काठी, नवी काठी

न्यू जर्सीतल्या पुतण्याचा परवा फोन आला. तो दर मंगळवारी तिकडे पूल खेळायला जातो, गेली अकरा वर्षं. प्रश्न असा, की क्यूचा जुना मेपलचा शाफ्ट ठेवावा, की तीनशे डॉलर खर्चून 'लो-डिफ्लेक्शन' शाफ्ट घ्यावा? "काका, तुम्ही वाचता ना सगळं, जरा बघून सांगा." मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. क्यू आयुष्यात दोनदा हातात धरला असेल. पण रिकाम्या माणसाला विषय मिळाला की तो सोडतो थोडाच! आठवडाभर वाचत बसलो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूलची काठी बहुधा दोन तुकड्यांची असते. मागचा जाड तो बट, पुढचा निमुळता तो शाफ्ट, आणि दोन्ही आट्यांनी जोडलेले. त्यामुळे नुसता पुढचा अर्धा भाग बदलता येतो. शाफ्टच्या टोकाला चामड्याची चकती असते, तिला टिप म्हणतात.

सगळं रामायण या चकतीपासून सुरू होतं. पूर्वी काठीचं टोक नुसतं लाकडी असायचं. चेंडूच्या मधोमध मारलं तर ठीक, जरा बाजूला मारलं की टोक घसरायचं. फ्रान्समध्ये फ्रांस्वा मँगो नावाचा एक लष्करी अधिकारी होता. तो तुरुंगात असताना बिलियर्ड्सचा अभ्यास करत बसे, आणि सुटकेची वेळ आली तेव्हा अभ्यास पुरा व्हावा म्हणून त्याने मुक्काम वाढवून मागितला, असं सांगतात. (खरंखोटं देव जाणे.) १८०७ च्या सुमारास त्याने टोकाला चामडं लावलं. आता चेंडूच्या डाव्या-उजव्या अंगाला मारून त्याला भोवऱ्यासारखी गिरकी देता येऊ लागली. इंग्रज याला 'साइड' म्हणतात आणि अमेरिकन चक्क 'इंग्लिश'!

चामडं घसरू नये म्हणून त्यावर खडू घासायची पद्धत पडली. मास्तर असल्यामुळे मी इथे साहजिकच थांबलो. १८९७ साली स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी अमेरिकेत ज्या 'चॉक'चं पेटंट घेतलं त्यात आपला फळ्यावरचा खडू नव्हताच. त्यात वाळूतली सिलिका होती, आणि जोडीला कुरुंदासारखी कठीण पूड. नाव मात्र चॉकच राहिलं.

असो. गिरकी मिळाली, पण तिच्याबरोबर एक खोडही आली. चेंडूच्या उजव्या अंगाला मारलं की तो काठीच्या रेषेत सरळ न जाता किंचित डावीकडे सटकतो. डावीकडे मारलं तर उजवीकडे. हेच ते डिफ्लेक्शन, म्हणजे विचलन. कडेला जोरात मारलं तर साध्या शाफ्टने ते दोन अंशांच्या आसपास भरतं. दोन अंश म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं. कागदावर मांडून पाहिलं, तर एक मीटर अंतरावर साडेतीन सेंटिमीटर. पूलचा अख्खा चेंडूच ५७ मिलिमीटर व्यासाचा!

कारण गमतीचं आहे. टिप आणि चेंडू यांची गाठ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती पडते. तेवढ्यात चेंडू गिरकी घेऊ लागतो आणि टिपेला आपल्याबरोबर बाजूला ओढतो. टिपेमागचं लाकूड जड असेल तर ते सहजी हलत नाही, उलट चेंडूलाच विरुद्ध बाजूला ढकलतं. इतक्या कमी वेळात हा धक्का काठीच्या मागच्या भागापर्यंत पोचतच नाही. म्हणून बट किती भारी लाकडाचा, यावर काही अवलंबून नसतं. प्रश्न फक्त टोकाच्या काही इंचांच्या वजनाचा.

कोरिओलिस तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकातून आठवत असेल, वारे वळवणारा. त्याने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर मोठा ग्रंथ लिहिला. पण गणित झालं म्हणून काठी बदलली नाही. बदलला तो खेळणाऱ्याचा डोळा. उजवीकडे मारायचं तर नेम थोडा उजवीकडेच धरायचा, हे हजारो वेळा चुकून अंगात मुरवायचं. विली मॉस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डला एकही न चुकवता ओळीने ५२६ चेंडू घालवले, तेव्हा असल्या हलक्या शाफ्टचा पत्ताच नव्हता. मॉस्कोनी १९९३ मध्ये गेला. प्रेडेटर या फ्लोरिडातल्या कंपनीचा '३१४' नावाचा शाफ्ट आला त्याच्या पुढच्याच वर्षी.

त्या लोकांनी यंत्राचा हात केला, त्याला नाव दिलं 'आयर्न विली', आणि त्याच्याकडून फटके मारवून विचलन मोजलं. मग मेपलच्या दहा फाका चिकटवून शाफ्ट केला, टोकाकडून आत पोकळ ठेवला, टोकाची टोपी आखूड केली. थोडक्यात, पुढचं वजन उतरवलं. अलीकडे कार्बन फायबरचे शाफ्टही निघालेत. विचलन बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही. शिवाय काठी मागून थोडी उचललेली असतेच, त्यामुळे हळू मारलेला चेंडू गिरकीच्या बाजूला वळतो. ते गणित कुठल्याही शाफ्टने चुकत नाही.

आपल्याकडे हा वाद फारसा ऐकू येत नाही, कारण आपण बिलियर्ड्स-स्नूकरवाले. काठी अॅश लाकडाची, टोक जेमतेम १० मिलिमीटरचं. पूलच्या साध्या शाफ्टचं १३. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते असल्या बारीक टोकाच्या खेळातले.

आता पुतण्याचा प्रश्न. नव्याने शिकणाऱ्याने हलका शाफ्ट घ्यावा, नेम कमी बदलावा लागतो, हे मला पटतं. पण ज्याच्या डोळ्यात अकरा वर्षांची चूक मुरली आहे, त्याचं काय? तो सवयीने नेम जास्त उजवीकडे धरणार, नवा शाफ्ट चेंडूला तितका डावीकडे नेणार नाही, आणि चेंडू उजवीकडून निसटणार. शिकलेलं विसरायला शिकण्याइतकाच वेळ लागतो. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे नियम बदलले तेव्हा आम्ही जुने मास्तर कसे अडखळत होतो ते मला चांगलं आठवतं. मी त्याला लांबलचक ईमेल लिहिली, की बाबा रे, आहे तोच ठेव.

उत्तर आलं, "काका, तुम्हाला फोन केला त्याच्या आदल्या दिवशीच मागवला होता." दोन मंगळवार सलग हरलाय. जुना शाफ्ट त्याने चौदा वर्षांच्या लेकीला दिला आहे. तिचा नेम अजून डावीकडेच जातो म्हणे.