आम्लं आणि वीजेचा पंप: सीईसीच्या इतिहासातली एक अडचण

कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे सीईसीचा, इतिहास वाचायला घेतलात तर एक गोष्ट नीट बघा: सुरुवातीच्या पेपरांमध्ये वेगळे केलेले रेणू कोणते होते? 1981 साली अमेरिकेत जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी कण भरलेल्या कॅपिलरीत 9-मिथाइलअँथ्रासीन आणि पेरिलीन वेगळे करून दाखवले. दोन्ही उदासीन. भारच नाही, त्यामुळे भांडणही नाही.

पंपाऐवजी वीज वापरायची कल्पना त्याआधीची. 1974 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियस, हॉपकिन्स आणि शीके यांनी ती पुढे आणली. सिलिकावरचे सिलॅनॉल गट प्रोटॉन सोडून ऋणभारित होतात, त्यांच्याजवळ द्रवात धन आयन गोळा होतात आणि व्होल्टेज लावलं की हे आयन सगळ्या द्रवाला कॅथोडकडे ओढत नेतात. हाच इलेक्ट्रोऑस्मॉटिक प्रवाह. दाबाने ढकललेला द्रव मध्ये जोरात, कडेला हळू जातो. हा जवळपास सपाट आघाडीने सरकतो, म्हणून पीक अरुंद मिळतात.

आता यात बेंझोइक आम्ल सोडा. त्याचा पीकेए साधारण 4.2. पीएच 7 ला ते ऋण आयन असतं, ओढ अ‍ॅनोडकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट. शिवाय सी-18 कणांवर ते फारसं रेंगाळत नाही. एचपीएलसीची सवय असलेला माणूस लगेच म्हणेल, पीएच 2.5 वर आणा, आम्ल उदासीन होईल. होईल की! पण सिलॅनॉलही उदासीन होतात आणि पंपच मंदावतो. नमुना आणि पंप एकाच दावणीला बांधलेले. (एचपीएलसीच्या पंपाला पीएच कळत नाही, हे केवढं सुख आहे ते इथे समजतं.)

गाठ सुटली ती पृष्ठभागावरचा भार बदलून. सल्फोनिक आम्लाचे गट इतक्या कमी पीएचलाही ऋणच राहतात. 1997 मध्ये पीटर्स, पेट्रो, स्वेक आणि फ्रेशे यांनी असे गट असलेला मेथाक्रिलेटचा सच्छिद्र मोनोलिथ थेट कॅपिलरीतच तयार केला. कण भरायला नकोत, त्यांना अडवणारे फ्रिटही नकोत. फ्रिटपाशी बुडबुडे होऊन करंट तुटताना पाहिला असेल, तर याचं मोल तुम्हाला सांगायला नको.

दुसरी वाट उलटी: धनभारित अमाइन गट बसवून प्रवाहच अ‍ॅनोडकडे वळवायचा. मग आम्ल आणि द्रव एकाच दिशेने. मला ही जास्त आवडते, पण ती फुकट नाही. धनभारित पृष्ठभाग आम्लाचे ऋण आयन धरून ठेवतो. ती पकड सैल करायला बफरमधलं क्षाराचं प्रमाण वाढवावं लागतं, आणि ते वाढलं की प्रवाह कमी होतो, कॅपिलरी तापते.