मंडई, महाड आणि ठरावांची वही

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, भाजीवाल्यांच्या पाट्या, हमालांच्या हाका आणि ओल्या कोथिंबिरीचा वास यांच्या गर्दीतून मान वर करून पाहिले असता जो उंच अष्टकोनी मनोरा दृष्टीस पडतो, त्याच्या इमारतीला आज सारे पुणे महात्मा फुले मंडई म्हणून ओळखते. परंतु ही इमारत बांधण्याचा विषय जेव्हा पुण्याच्या म्युनिसिपालिटीपुढे आला, तेव्हा त्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत खुद्द जोतीराव फुले हेच होते, ही गोष्ट पिशवी भरून घराकडे वळणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानात असेल. ज्या वास्तूला ज्याने ‘नको’ म्हटले त्याचेच नाव त्या वास्तूला लाभावे, हा योग दैवाने घडवून आणला असे म्हणणे सोपे आहे. पण तो घडला दैवाच्या नव्हे, तर म्युनिसिपालिटीच्या ठरावांच्या वहीत. त्या वहीची रीत समजून घेतल्याखेरीज त्या योगाचा अर्थ लागत नाही.

पुण्याची म्युनिसिपालिटी १८५७ मध्ये, १८५० च्या सव्विसाव्या कायद्याच्या आधाराने स्थापन झाली. आरंभी तिचे सभासद सरकारनियुक्त असत, कारभारावर कलेक्टरसाहेबांचा वरचष्मा असे आणि गावच्या गटारापासून दिवाबत्तीपर्यंतचे विषय इंग्रजी पद्धतीच्या सभाशास्त्राने चालवण्याचा नवा संस्कार पेशवाई पाहिलेल्या माणसांच्या मुलानातवंडांवर हळूहळू होत होता. पंचायतीत किंवा दरबारात बोलणे निराळे आणि सभेत सूचना मांडणे निराळे. सूचना लेखी हवी, तिला सूचक हवा, अनुमोदक हवा; तिच्यावर उपसूचना आली तर आधी उपसूचनेचा निकाल लागावयाचा आणि मग मूळ सूचनेचा; आणि जे ठरले ते पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम होईपर्यंत पक्के झाले असे कोणी मानावयाचे नाही. जी माणसे घरी एका शब्दावर सोयरीक पक्की करीत, ती सभागृहात एका स्वल्पविरामावरून तासभर भांडू लागली, याचे मूळ या नव्या शिस्तीत आहे.

सूचनेचे खरे भवितव्य मात्र सर्वसाधारण सभेपेक्षा तिच्या पोटातील लहान समितीत ठरत असे. हिला त्या काळी व्यवस्थापक समिती म्हणत. पुढे १९२५ च्या कायद्याने मोठ्या शहरांच्या म्युनिसिपालिट्यांना बरोचे स्वरूप आले, तेव्हा तिची जागा स्थायी समितीने घेतली. एखाद्या आळीत हौद बांधावा, एखाद्या चौकात कंदील लावावा, अमक्या बोळातील उकिरडा हलवावा, अशी सूचना सभेत जोरात मांडली गेली आणि टाळ्याही पडल्या, तरी तिचा कागद अखेर समितीच्या टेबलावर येई. आणि तेथे पहिला प्रश्न निघे तो न्यायाचा किंवा गरजेचा नसून ‘खर्च कोणत्या सदराखाली टाकावयाचा?’ हा असे. सदर सापडले तर कागदावर ‘मंजूर’ असा शेरा पडे. सदर सापडले नाही तर ‘अभिप्रायार्थ’ म्हणून तो इंजिनिअराकडे जाई. अभिप्राय अडचणीचा आला तर विषय तहकूब होई. आणि कोणालाच मत देऊन वाईट व्हावयाचे नसे तेव्हा ‘दप्तरी दाखल’ या दोन शब्दांत त्याची समाधी बांधली जाई. ‘नामंजूर’ म्हटल्याने मांडणारा चिडतो, ‘दप्तरी दाखल’ म्हटल्याने तो केवळ गोंधळतो, हे शहाणपण आपल्या समित्यांनी फार लौकर आत्मसात केले. त्यातूनही जो ठराव पार पडे त्याच्यावर सरकारची नजर असे. ठरावाची अंमलबजावणी तहकूब ठेवण्याचा अधिकार कायद्याने वरिष्ठ अंमलदारांच्या हाती राखून ठेवला होता.

अशा या सभेत १८७६ मध्ये जोतीराव फुले सरकारनियुक्त सभासद म्हणून आले आणि १८८२ पर्यंत राहिले. नियुक्त सभासदाने नियुक्त करणाऱ्याची मर्जी सांभाळावी हा अलिखित नियम त्यांनी कधीच पाळला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चावे अशी सूचना आली, तेव्हा विरुद्ध मत देणारे फुले एकटेच होते. तो पैसा शिक्षणाकडे लावावा एवढेच त्यांचे म्हणणे होते. १८ जुलै १८८० रोजी त्यांनी व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविषयी तक्रार केली. लोकांच्या आरोग्यासाठी म्युनिसिपालिटीने एका हाताने खर्च करावयाचा आणि त्याच लोकांच्या आरोग्याची व नीतीची धूळधाण करणारी दुकाने डोळ्यांदेखत वाढू द्यावयाची, यातील विसंगती त्यांनी समितीपुढे हिशेबाच्या भाषेत मांडली. हा विषय राजकारणाचा नव्हता, तत्त्वज्ञानाचाही नव्हता. तो गल्लीचा होता, आणि म्हणूनच तो समितीचा होता. समितीला उत्तर देणे कठीण जावे असा विषय नेहमी गल्लीतूनच येतो.

मंडईचा विषय याच काळातला. तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. ऊन, पाऊस आणि चिखल यांत विकणारे व घेणारे दोघेही सारखेच हैराण होत. तेव्हा पक्की, हवेशीर आणि शहराला शोभेशी इमारत बांधावी हा विचार मुळीच गैर नव्हता. फुल्यांचा आक्षेप इमारतीला नव्हता, क्रमाला होता. शहरातील बहुसंख्य मुले शाळेचा उंबरठा न ओलांडता वाढत असताना लाखांच्या घरातील रक्कम दगडी मनोऱ्यावर घालावी का, हा त्यांचा प्रश्न होता. आणि या प्रश्नाला बहुमताने जे उत्तर दिले ते १८८६ मध्ये तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव धारण करून उभे राहिले. रे मार्केट ही इमारत म्हणून देखणी ठरली, सोयीची ठरली आणि टिकाऊही ठरली. बहुमताचा निर्णय चुकला असे कोणाला म्हणता येणार नाही. पण अल्पमताचा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला असेही म्हणता येणार नाही.

दरम्यान लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे वारे सुरू झाले, निवडून आलेले सभासद सभागृहात आले आणि वहीतील भाषेचा स्वर बदलू लागला. टिळक काही काळ या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये सभासद म्हणून आले आणि अध्यक्षपदी असताना त्यांनी सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क आणि कामकाजाचे वृत्तान्त प्रसिद्ध करण्याची पद्धत यांवर भर दिला. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे लेखणीइतक्याच निष्ठेने गटारे, पाणी आणि पटकी यांच्या कामात घालवली. इतकी थोर माणसे एका गावच्या म्युनिसिपालिटीत बसत होती याचा अभिमान वाटतो. परंतु थोर माणसांच्या सभेतही ‘सदर कोणते?’ हा प्रश्न सुटला नाही. १९१८ च्या कायद्याने म्युनिसिपालिट्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली, तेव्हा पैसा अपुरा म्हणून आधी मुलांना शिकवावे आणि मुलींचे मागाहून पाहावे असा विचार प्रबळ झाला. त्याच्याविरुद्ध रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि मोर्चाने म्युनिसिपालिटीकडे गेल्या. चाळीस वर्षांपूर्वी ज्या क्रमावरून फुले एकटे पडले होते, तोच क्रमाचा प्रश्न नवे लुगडे नेसून दाराशी आला होता.

मग आला पुतळ्यांचा काळ. १९२४ मध्ये मंडईच्याच आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते अनावृत झाला. पुढच्याच वर्षी म्युनिसिपालिटीत निवडून आलेले तरुण केशवराव जेधे यांनी जोतीराव फुल्यांचाही पुतळा उभारावा अशी सूचना मांडली. या एका सूचनेने पुण्यात जे वादळ उठवले त्याची तुलना एखाद्या पेठेतील आगीशीच करता येईल. सभागृहात सूचना फेटाळली गेली. सभागृहाबाहेर पत्रके, सभा, उपहास आणि प्रत्युपहास यांना ऊत आला. दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक त्याच वर्षी बाहेर पडले आणि बेअब्रूचा खटला कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने जवळकर व जेधे यांच्यासह आरोपींना शिक्षा सुनावली. १९२६ मध्ये अपिलात त्यांची सुटका झाली, आणि अपील चालवणारे वकील होते डॉ. भीमराव आंबेडकर.

हे वकील पुढच्याच वर्षी ज्या गावी गेले, तेथे ठरावांच्या वहीचे दुसरे टोक पाहावयास मिळते. पुण्यात फेटाळलेला ठराव होता. महाडात मंजूर झालेला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांच्या प्रस्तावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे ठरले होते आणि त्याला अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव निर्दोष होता. पण तळ्यावर पाणी भरण्यास कोणी धजले नाही, आणि ज्यांनी ठराव केला त्यांनी तो अमलात आणण्यासाठी शिपाईही उभा केला नाही. तीन वर्षे ते तळे कागदावर खुले आणि जमिनीवर बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेतून उठून हजारो माणसे डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग तळ्याकडे चालत गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्यांनी बंड केले असे गावाने मानले. वास्तविक त्यांनी म्युनिसिपालिटीच्या ठरावाची अंमलबजावणी केली होती, आणि तीही म्युनिसिपालिटीला एक पैचा खर्च न पडू देता. परिणाम असा झाला की त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी, म्हणजे बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, महाडच्या सभेने आपला ठराव रद्द केला. पुढे दिवाणी दावा, मनाईहुकूम, अपील असा दहा वर्षांचा फेरा झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाच्या निकालाने तळ्यावरील हक्क शाबीत झाला.

तेव्हा मंजूर ठराव जिवंत असतोच असे नाही आणि नामंजूर ठराव मेलेला असतोच असे नाही, हे या दोन वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते. पुण्याच्या फेटाळलेल्या सूचनेचे पुढे काय झाले ते पाहा. प्रल्हाद केशव अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने भांबुर्ड्याचे शिवाजीनगर झाले व रे मार्केटचे महात्मा फुले मंडई झाले. जेध्यांच्या सूचनेला ज्या सभागृहात थारा मिळाला नव्हता, त्याच सभागृहाने पुतळ्याच्या ऐवजी सबंध इमारत फुल्यांच्या नावे करून दिली. आणि टिळकांचा पुतळा व फुल्यांचे नाव, ज्यांच्या अनुयायांतला वाद कोर्टापर्यंत गेला, ते एका आवारात शेजारधर्माने नांदू लागले.

या शेवटाने मन सुखावते खरे. परंतु समितीच्या टेबलावर काही काळ बसलेला माणूस एवढ्यावर संतुष्ट होणार नाही. तो विचारील की नाव बदलण्याच्या ठरावाला कोणते सदर लागते? एक पाटी, थोडा रंग आणि लेटरपेपरावरील दोन शब्द. जो ठराव करण्यास काही पडत नाही तो उशिरा का होईना मंजूर होतो. ज्याला तिजोरी उघडावी लागते किंवा शेजाऱ्याशी वैर पत्करावे लागते तो अभिप्रायार्थ जातो. फुल्यांनी मंडईला जो विरोध केला तो काही आपले नाव तेथे लागावे म्हणून नव्हता. मनोरा आधी की शाळा आधी, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नावर नगरपालिकेने त्यांचे नाव कोरले, उत्तर मात्र लिहिले नाही.

सकाळी मंडईत जा. गाळ्यावरची बाई भाजी तोलून देते आणि शेजारी तिची सात-आठ वर्षांची पोर पाटीतील मिरच्या निवडत बसलेली असते. शाळेची वेळ होऊन गेलेली असते. वर मनोरा उभा आहे, त्याखाली फुल्यांचे नाव आहे, आणि त्या पोरीच्या बाबतीत त्यांनी मांडलेला विषय अजून तहकूब आहे.