आद्य ख्रिस्ती वास्तुकला व उत्तर कोकण

रोमन साम्राज्यात साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या शतकांत विकसित झालेली ख्रिस्ती वास्तुकला व तिचा उत्तर कोकणाशी असलेला संबंध. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉझमस इंडिकोप्लूस्टीझ याने सहाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ग्रंथात ‘कॅलिआना’ या बंदराचा उल्लेख केला असून, तेथील बिशपची नियुक्ती इराणमधून होत असे, असे नमूद केले आहे. हे बंदर म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, असे सामान्यतः मानतात. तत्कालीन अशी निश्चित चर्चवास्तू तेथे उजेडात आलेली नाही. शिवाय हा समाज इराणी चर्चशी संलग्न असल्याने रोमन वास्तुनमुना त्यास सरसकट लागू करणे उचित ठरत नाही.

रोमन जगात आरंभीची उपासना घरांतूनच होई. सिरियातील ड्यूरा-यूरोपस येथील तिसऱ्या शतकातील भित्तिचित्रांकित प्रार्थनागृह हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण होय. इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्मास मोकळीक मिळाल्यावर मोठ्या वास्तूंची गरज भासली. रोमन मंदिर हे देवतेचे निवासस्थान. यज्ञवेदी त्याच्या बाहेर असे. ख्रिस्ती उपासकांना मात्र एकत्र आत बसावयाचे होते. म्हणून न्यायदान व व्यापार यांसाठी वापरल्या जाणाऱ्या बॅसिलिका या सभागृहाचा नमुना त्यांनी स्वीकारला. उंच मध्यदालन, स्तंभांनी विलग केलेल्या पार्श्ववीथी आणि टोकाशी अर्धवर्तुळाकार भागापुढे वेदी, ही त्याची सर्वसाधारण रचना. रोममधील सांता साबीना (४२२–३२) हे तिचे सुस्थितीतील उदाहरण आहे.

कार्ले येथील चैत्यगृहातही मध्यदालन, पार्श्ववीथी व अर्धवर्तुळाकार टोक आढळते. तथापि भाजे येथील चैत्यगृह ख्रिस्तपूर्व काळातील असल्याने हा प्रकार ख्रिस्ती वास्तूंवरून घेतलेला नाही, हे उघड आहे. दोन्हींमागे समूहाने उपासना करण्याची समान गरज आहे. चैत्यात स्तूपास प्रदक्षिणा घालता येते, तर बॅसिलिकेत उपासकांचे लक्ष वेदीकडे एकवटते. भेदाचे मर्म यातच आहे.

उत्तर कोकणात चर्चवास्तूंचे ठळक अवशेष मिळतात, ते पोर्तुगीज अंमलातील होत. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे आली. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट व डॉमिनिकन संघांची चर्चे उभी राहिली. त्यांची दर्शनी मांडणी प्रबोधनकालीन यूरोपीय धाटणीची असली, तरी वेदीकडे नेणाऱ्या लांबट दालनात बॅसिलिकेचाच वारसा दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पुढे ही चर्चे भग्न झाली. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवरील पोर्तुगीज लेखांच्या थडगेशिला अद्याप पाहावयास मिळतात.