सुश्रुतांचा घडा आणि इब्न सीनाच्या जळवा

नाशिकच्या म्हसरूळ भागात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला पंचवटीतले आयुर्वेद महाविद्यालय जोडलेले आहे आणि मालेगावच्या मन्सुरा परिसरातले युनानी महाविद्यालयही. आयुर्वेदात जळवा लावण्याला ‘जलौकावचरण’ म्हणतात, युनानीत ‘इर्साल-ए-अलक’. एक नाव संस्कृत, दुसरे अरबी. जीव मात्र तोच. मराठीत जळू, आपल्या घरच्या बोलीत जोंक.

हल्ली औषधांवरही धर्माची चिठ्ठी लावली जाते. वैद्यांचे ते ‘आपले’, हकिमांचे ते ‘बाहेरून आलेले’. काही मुसलमानही युनानीला केवळ आपल्या वारशात मोजतात. जळवांचा इतिहास या दोन्ही समजुतींना छेद देतो.

जळू लावणे सोपे, ती जगवणे अवघड. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला तेरावा अध्याय यावरच आहे. जळू ओल्या चामड्याने पकडावी. नव्या मोठ्या घड्यात तळ्याचे पाणी आणि चिखल घालून तिला ठेवावे. खायला शेवाळ, सुके मांस, पाणवनस्पतींच्या कंदांचे चूर्ण. निजायला गवत आणि पाण्यातली पाने. दर तीन दिवसांनी पाणी व खाणे बदलावे, दर सात दिवसांनी घडाच बदलावा. औषधी जळू रक्तावर जगते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे कंदाचे चूर्ण तिच्या फारसे कामाचे नसणार, उलट ते पाण्यात कुजणार. पण पाणी आणि घडा बदलण्याचा नियम आजही पटतो, कारण घाण पाण्यात जळू तगत नाही.

रक्त पिऊन झाल्यावरची काळजीही तिथेच आहे. जळवेच्या अंगाला तांदळाचे पीठ, तोंडाला तेल-मीठ लावून शेपटीकडून तोंडाकडे हलकेच बोट फिरवत तिला ओकवायचे. मग पाण्यात सोडायचे. ती चपळपणे फिरू लागली तर ठीक. तळाशी निपचित पडली तर पुन्हा ओकवायचे. पोटात रक्त राहिले, तर तिला ‘इंद्रमद’ नावाचा असाध्य रोग होतो, असे सुश्रुत सांगतात. रोग्याइतकीच काळजी जळवेची घेणारा हा वैद्य आहे.

हे ज्ञान बगदादला कसे पोचले? अब्बासी खलिफा हारून अल-रशीद यांचे वजीर याह्या इब्न खालिद बर्मकी यांनी सुश्रुतांचा ग्रंथ अरबीत आणवला. हे काम मनका नावाच्या भारतीय वैद्याने केले, अशी नोंद दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीमच्या ‘फिहरिस्त’मध्ये आहे. बर्मकींचे पूर्वज बल्खच्या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. भारतीय विद्येची ओढ या घराण्यात जुनीच असावी.

पुढे इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ‘अल-कानून’मध्ये जळवांवर प्रकरण लिहिले. त्याची सुरुवातच ‘हिंदी लोक म्हणतात’ अशी होते. मोठ्या डोक्याच्या, काजळी रंगाच्या, लवदार, निळ्या रेघांच्या जळवा विषारी, त्या टाळा, असे ते लिहितात. सुश्रुतांच्या सहा विषारी जातींची वर्णने यांच्याशी जुळतात. पण इब्न सीना नुसती नक्कल करत नाहीत. बेडूक राहतात त्या पाण्यातली जळू वाईट, हे म्हणणे ते साफ नाकारतात. जळू एक दिवस आधी पकडून उलटी धरावी, पोट रिकामे करावे, मग कोकराचे थोडे रक्त पाजावे, असे त्यांचे सांगणे. ज्याच्याकडून शिकले त्याचे नाव घेतले आणि पटले नाही तिथे वाद घातला. विद्येचा अदब यालाच म्हणतात.

ज्यांनी पाळण्याकडे दुर्लक्ष केले, त्यांचे काय झाले? एकोणिसाव्या शतकात युरोपात जळवांचे वेडच लागले. एकट्या फ्रान्सने १८३३ साली चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. तळी उपसली गेली आणि युरोपच्या मोठ्या भागात औषधी जळू दुर्मीळ झाली.

पुढे १८८४ साली जॉन हेक्राफ्ट यांनी जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे दाखवले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली औषधी जळवेला मान्यता दिली. तुटलेले बोट किंवा कान जोडल्यावर तिथे साचलेले रक्त काढायला शल्यविशारद ती वापरतात. एका रोग्याची जळू दुसऱ्याला लावायची नाही, हा आजचा नियम. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तिला सोसत नाही, म्हणून तो काढूनच पाणी भरावे लागते.

म्हणजे घड्याची काचेची बरणी झाली, पण पाणी बदलण्याचे काम सुटले नाही. पंचवटीतला विद्यार्थी सुश्रुत वाचेल, मालेगावचा इब्न सीना. दोघांनी एकदा एकमेकांची पुस्तके उघडून पाहावीत. हकिमाच्या ग्रंथात वैद्याचे ऋण पहिल्याच ओळीत मान्य केलेले सापडेल.